चौदा शुभेच्छुक आणि एक हिरवं पान

आमच्या घरात निर्णय घेण्याचं खातं वृषालीकडं आहे. वृषाली म्हणजे आमची मंडळी. तिनं निर्णय घ्यायचा आणि तो मला आधीपासूनच पटलेला होता असं मी चारचौघांत सांगायचं, अशी वाटणी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच झाली आणि सतरा वर्षं ती सुरळीत चालली होती. पण २००८ साली, मार्च महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, मंचरच्या बाजारपेठेत मी एक निर्णय एकट्यानं घेतला. तो निर्णय वीस फूट रुंद आणि पंधरा फूट उंच होता.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्ही मला उगाच मूर्ख समजाल. (मागचं ऐकल्यावरही समजाल, पण मग ते उगाच नसेल.)

मी संपत एरंडे. मंचरला एका हायस्कुलात क्लार्क आहे. पोरांचे दाखले लिहायला लागून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. शाळा सोडल्याचा, जन्मतारखेचा, वर्तणुकीचा. ज्या पोरानं हेडमास्तरांच्या स्कूटरची हवा सोडली, त्यालाही 'वर्तणूक चांगली' असं मी स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. त्यामुळं दाखला या वस्तूबद्दल माझ्या मनात फारसा आदर उरलेला नव्हता. माणूस पाच मिनिटं खिडकीपाशी केविलवाणा चेहरा करून उभा राहिला की दाखला मिळतो, असा माझा समज होता.

राहायला आम्ही पेठ नावाच्या गावापासून आत तीन किलोमीटरवर, खडकमाळ वाडीत. घरात मी, वृषाली, माझी आई कुशाबाई आणि गोठ्यात दोन म्हशी. घराला लागून मातीच्या भिंतींच्या, कौलारू दोन खोल्या आहेत. त्या मार्चच्या चार वर्षं आधी पुण्याच्या एका कुटुंबाची गाडी पेठेच्या घाटात बंद पडली. ओझरच्या गणपतीला निघालेली माणसं. गॅरेजवाला मंचरहून येईपर्यंत बसायचं कुठं, म्हणून ती आमच्या अंगणात आली. वृषालीनं मासवडी केली, भाकरी केली, आमटी केली. गाडी दुपारी दुरुस्त झाली. माणसं तिसऱ्या दिवशी गेली. दिवाळीत परत आली ती आणखी दोन कुटुंबं घेऊन, आणि जाताना म्हणाली की ताई, आम्ही असं फुकट नाही येणार, तुम्ही हे रीतसर सुरू करा.

वृषालीनं ते रीतसर सुरू केलं. पहिली दोन वर्षं बरं चाललं. मग आळेफाट्याच्या रस्त्याला पोहायच्या तलावाचं एक रिसॉर्ट निघालं आणि आमच्याकडं येणारी माणसं तिकडं पोहायला लागली. त्यात आम्ही आतल्या वाडीत. पुण्याहून निघालेला माणूस पेठेत चारदा विचारल्याशिवाय पोचायचा नाही, आणि पेठेत चौघांना विचारलं की चार रस्ते कळतात.

त्या रिकाम्या खोल्यांवर माझा चुलतभाऊ जानकू डोळा ठेवून होता. जानकू म्हणजे आमचा ग्रामपंचायत सदस्य. त्याला कांदे साठवायला जागा हवी होती.

"वैनी, पावणं काय येत न्हाईत," तो दर आठवड्याला यायचा आणि दाराची रुंदी वीत लावून मोजायचा. "खोल्या मोकळ्याच हायेत. माझं कांदं ठिवू द्या की. कांद्याला मासवडी पण लागत न्हाई."

शेवटी वृषालीनं त्याला शब्द दिला. "दिवाळीपर्यंत थांबा, भाऊजी. दिवाळीपर्यंत माझं पान आलं नाही, तर भरा तुमचे कांदे."

पान म्हणजे हिरवं पान. पुण्याची एक संस्था होती. गावाकडं पाहुणे ठेवणाऱ्या घरांची ती तपासणी करायची, आणि निसर्गाला धक्का न लावता चालणारं घर असेल तर त्याला हिरव्या पानाचा दाखला द्यायची. नुसता दाखला नाही. इंटरनेटवर त्यांचा एक नकाशा होता, त्यावर तुमच्या घराच्या जागी हिरवं पान उमटायचं. मुंबईत बसलेल्या माणसानं नकाशा उघडला की पेठेत कुणालाही न विचारता त्याला खडकमाळ दिसणार. वृषालीनं हे सगळं मला दोनदा समजावून सांगितलं. मी दोन्ही वेळा ते मला आधीपासून पटलेलं होतं असं म्हणालो.

संस्थेच्या पुस्तिकेत बेचाळीस मुद्दे होते. त्यातले बरेचसे आमच्याकडं गरिबीमुळं आधीच पूर्ण झालेले होते. जमीन शेणानं सारवलेली, भांडी राखेनं घासायची, गोबरगॅस चालू, सांडपाणी केळीला. अडला तो मुद्दा क्रमांक सतरा. घरात प्लॅस्टिक नको.

वृषालीनं घर झाडून काढलं. बादल्या गेल्या, पत्र्याच्या आल्या. माझा कंगवा गेला, दाढीचा मग गेला, रेनकोट गेला. ("घोंगडी आहे ना." आहे. पण हायस्कुलात घोंगडी घेऊन जाणारा क्लार्क तुम्ही पाहिलाय का? आमच्या पोरांनी पाहिला.) आईच्या तपकिरीची डबी गेली तेव्हा आईनं तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "सूनबाई, माझी कवळी तेवढी ऱ्हाऊ दे. जेवायला लागती." वृषालीनं पुस्तिका उघडून बघितली. औषधपाण्याच्या वस्तूंना सूट होती. कवळी राहिली.

फेब्रुवारीत संस्थेच्या तेजस्विनी मॅडम पहिल्या पाहणीला आल्या. पंचविशीतली पोरगी, पाठीवर पिशवी, हातात मोबाइलएवढं एक यंत्र. ते यंत्र घेऊन ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि आभाळाकडं बघायला लागली. मग चार पावलं बांधाकडं सरकली आणि परत उभी राहिली.

आता आमच्याकडं हातात यंत्र घेऊन कुणी बांधापाशी उभं राहिलं, तर त्याचा अर्थ एकच होतो. पाच मिनिटांत जानकू धापा टाकत आला. मागनं त्याची दोन पोरं सातबाऱ्याची फाइल घेऊन.

"वैनी, मोजणी आणली? अन् भावकीला न सांगता?"

"मोजणी नाही, भाऊजी. नकाशा चाललाय."

"नकाशा म्हंजी मोजणीच की. ह्या बाई कुठनं आल्या, भूमी अभिलेखमधनं?"

"काका, मी आकाशातल्या उपग्रहाला विचारतेय, हे घर कुठं आहे ते," तेजस्विनी म्हणाली.

जानकूनं आभाळाकडं बघितलं. "त्याला म्हणावं, बांध त्या चिंचेच्या अलीकडनं हाय. पलीकडनं न्हाई."

शेवटी चहा पिऊन प्रकरण मिटलं. जानकूनं ते आकडे स्वतःच्याही वहीत लिहून घेतले, पुढंमागं कोर्टात लागले तर असावेत म्हणून. तेजस्विनीनं सगळं घर फिरून बघितलं, गोठा बघितला, आईच्या कवळीचीही नोंद केली आणि जाताना वृषालीला म्हणाली, "ताई, माझ्याकडून सगळं पूर्ण. आता एकवीस मार्चनंतरच्या रविवारी समिती येईल. त्यांनी होकार दिला की झालं."

त्या दिवशी वृषाली जात्याजवळ बसून हसत होती. एकटीच. मी तिला सतरा वर्षांत असं बघितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि आपणही तिच्यासाठी काहीतरी करावं असं वाटलं. सगळा घोटाळा तिथंच सुरू झाला.

कारण त्या वर्षी आमच्या तालुक्यात फ्लेक्स नवा नवा बोकाळला होता. कुणी दहावी पास झालं की फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस, कुणाची सोसायटीवर निवड, कुणी नवा बैल आणला की बैलाचा फ्लेक्स, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. फ्लेक्स लागला नाही तर ती गोष्ट झालीच नाही असं लोक धरून चालायचे. आमच्या घरावर सतरा वर्षांत एकही लागला नव्हता. एवढं मोठं काम वृषालीनं केलं आणि चौकात तिचं काहीच नाही, हे माझ्या मनाला लागलं.

म्हणून त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी दस्तगीरभाईंच्या दुकानात शिरलो.

दस्तगीरभाई पूर्वी पेंटर होते. मंचरातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या ब्रशच्या. त्यांचा 'श्री' बघायला लोक थांबायचे. मग फ्लेक्सचं मशिन आलं, ब्रश डब्यात गेले आणि भाई कॉम्प्युटरपुढं बसायला लागले. बसायचे, पण त्याच्याकडं असं बघायचे की जणू त्यानं त्यांचा काही तरी गुन्हा केलाय.

"बोला संपतभाऊ. काय साइज?"

"मोठी."

"वीस बाय पंधरा करू. पाठीमागं सीनरी कोणची? निसर्ग पायजे ना?"

त्यांच्याकडं निसर्ग एकच होता. बर्फाचा डोंगर आणि खाली ट्युलिपची फुलं.

"भाई, आपला भीमाशंकराचा डोंगर नाही?"

"तो कोण मागत न्हाई," भाई म्हणाले. "बर्फ चालतोय सगळ्यांना."

मग मजकूर. मी क्लार्क माणूस, मजकूर मीच लिहिला. 'प्लॅस्टिकमुक्त घर! हिरव्या पानाच्या मानकरी कुटुंबाचे, श्री. व सौ. संपत एरंडे यांचे हार्दिक हार्दिक अभिनंदन! समितीचे सहर्ष स्वागत!' मी तो दोनदा वाचला. काही खटकलं नाही. तुम्हाला खटकलं असेल, तर तुम्ही त्या वेळी दुकानात असायला हवं होतं.

एवढ्यात जानकू तिथं हजर झाला. फ्लेक्स होतोय ही बातमी त्याला कशी कळते हे मला अजून समजलेलं नाही. तो खुर्ची ओढून बसला आणि शुभेच्छुकांची यादी सांगायला लागला. स्वतः जानकू, गॉगल लावून, कानाला मोबाइल. सोसायटीचे चेअरमन. चेअरमन घेतले म्हणून व्हाइस चेअरमन. भजनी मंडळाचे रखमाजी तात्या, न घेतलं तर रुसतील. जानकूचा मेव्हणा, त्याचा काही संबंध नव्हता पण त्याच्याकडं चांगला फोटो होता. असे चौदा जण झाले. मधोमध मी, छातीपर्यंत, पाच फुटांचा.

"अन् वैनींचा फोटू?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

मी पाकीट काढलं. त्यात लायब्ररीचं कार्ड होतं आणि ओझरच्या गणपतीचा फोटो. घरातलं आठवून बघितलं. वृषालीचा एकटीचा फोटोच नव्हता. लग्नातला होता, त्यात मान खाली, मुंडावळ्या, आणि अर्ध्या चेहऱ्यावर माझ्या मामांचा फेटा.

"ऱ्हाऊ द्या," जानकू म्हणाला. "वैनी घरीच असत्यात. त्यांना कोण वळखत न्हाई?"

मला ते पटलं. (जे पटायला नको ते मला चटकन पटतं.)

"कापड चांगलं वापरा भाई," मी निघताना म्हणालो. "समिती यायचीय."

रविवारी सकाळी वृषाली चुलीपुढं होती. मी आणि जानकूनं वळणावरच्या आंब्यापासून समोरच्या लिंबापर्यंत तो फ्लेक्स ताणून बांधला. वृषालीला बाहेर येऊ द्यायचं नाही, अशी मी आईला ताकीद दिली होती. आईनं बाहेरून कडीच लावली आणि मग ती लावली कशासाठी हे ती विसरली. त्यामुळं जीप वळणावर आली तेव्हा आतून दार वाजत होतं.

जीपमधून तेजस्विनी उतरली आणि पांढऱ्या मिशांचे एक काका. समितीचे मुख्य तेच. ते फ्लेक्सखाली येऊन थांबले आणि त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, भारावलेत.

"हे काय आहे?"

"आपलं स्वागत," मी म्हणालो.

"ते कळलं. हे कशाचं आहे?"

"कापड आहे."

"कसलं कापड?"

"फ्लेक्सचं."

काकांनी एक कोपरा चिमटीत धरून चोळला. तेजस्विनी माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला जरा वेगळंच काही दिसायला लागलं. तेवढ्यात जानकू मदतीला धावला.

"लई भारी माल हाय साहेब. अस्सल. पाण्यात कुजत न्हाई, उन्हात इरत न्हाई. मातीत गाडा, नातवाला इचारा, जसंच्या तसं निघंल."

तेजस्विनीनं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं.

आईला एकदाची कडी आठवली आणि वृषाली पदराला हात पुसत बाहेर आली. फ्लेक्सपुढं येऊन उभी राहिली. तिनं आधी वाचलं. मग एकेका फोटोकडं बोट करून मोजायला लागली. पंधरा झाल्यावर तिनं परत पहिल्यापासून मोजले.

"हे कोण?"

"सोसायटीचे चेअरमन."

"यांनी काय केलं?"

"शुभेच्छा दिल्या."

"आणि हे?"

"जानकूचा मेव्हणा."

"आणि मी कुठंय?"

"तू आहेस की," मी वर हात केला. "हे काय. श्री. व सौ. त्यातली सौ."

ती नुसती परत आत गेली आणि भाकरी थापायला बसली. भाकरीचा आवाज बाहेर अंगणापर्यंत येत होता. मला लाज वाटली. आयुष्यात मी पुष्कळ वेळा खजील झालोय, त्याची मला सवय आहे, पण ही लाज वेगळी होती. बाईनं तीन वर्षं घर वाहिलं, आणि तिच्या कौतुकाच्या फळ्यावर मी जानकूच्या मेव्हण्याला बसवलं आणि तिला बसवलं नाही.

समिती जेवली. मासवडी दोनदा घेतली. काकांनी आईला रस्सा कसा करतात ते विचारलं, आईनं सांगितलं. फ्लेक्सचा विषय कुणी काढला नाही. हात धुताना काका वृषालीला म्हणाले, "ताई, तुमचं घर मी बघितलेल्या घरांत फार वरचं आहे. बेचाळीसपैकी एकेचाळीस मुद्द्यांना पैकीच्या पैकी. पण सतरावा मुद्दा मला डोळ्याआड करता येत नाही. तो वीस बाय पंधरा आहे."

"मग आता?" वृषालीनं विचारलं. तोंड फिरवून ती म्हशीकडं बघायला लागली.

"काढून टाकतो साहेब," मी म्हणालो. "आत्ता जाळतो."

"जाळायचं नाही. फेकायचं नाही. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही." काका एकेक बोट मोडत होते. "आलंय ते आता तुमचं. ते फाटेपर्यंत इथंच वापरायचं. आणि आणखी एक कणही आत येता कामा नये. सप्टेंबरात तेजस्विनी येऊन बघेल. तेव्हा ठरवू."

जीप गेली. जानकू खोलीच्या दारापाशी गेला, वीत लावली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून दुसऱ्या बाजूनंही लावली.

तीन दिवस वृषाली माझ्याशी कामापुरतंच बोलली. 'जेवा', 'पाणी', 'दूध'. चौथ्या दिवशी म्हणाली, "गोठ्याची कौलं गळतात. त्याच्यावर टाका ते."

मला हायसं वाटलं. "पांढरी बाजू वर करू ना? छापलेली खाली जाईल. म्हशींना काय कळतंय."

"नाही," ती म्हणाली. "तोंड वर. जरा ऊन खाऊ द्या."

मी शिडी लावून गोठ्यावर चढलो आणि स्वतःला स्वतःच्या हातांनी चारी बाजूंनी दगड ठेवून पसरवलं. आई खालून सांगत होती, "नाकावर एक दगड ठिव, वाऱ्यानं उडंल." ठेवला.

पुढचे सहा महिने मी आणि चौदा शुभेच्छुक आभाळाकडं बघत पडून होतो. कोंबड्या जानकूच्या गॉगलवर बसायच्या. चेअरमननी निरोप धाडला, पुढं निवडणूक आहे, माझा तेवढा चेहरा कापून पाठवा. वृषालीनं उलट निरोप दिला की कापलेला तुकडाही प्लॅस्टिकच असतो आणि तो घराबाहेर जाणार नाही. चेअरमन राहिले. निवडणुकीत पडले, पण त्याला इतरही कारणं होती.

मी मात्र त्या सहा महिन्यांत सुधारलो. कुणी पिशवीतून काही आणलं तर मी फाटकातच पिशवी परत करायचो. कॅरीबॅग घेऊन आलेल्या सख्ख्या मामांना मी अंगणात उभं करून चिवडा पातेल्यात ओतून घेतला. मामा रागावले. त्यांच्या फेट्यावर माझा लग्नापासूनचा राग होता, तोही वसूल झाला.

सप्टेंबरात तेजस्विनी आली. वृषालीनं तिला घर दाखवलं, मग गोठ्याकडं नेलं आणि वर बोट दाखवलं.

"गळतं का?"

"एक थेंब नाही," वृषाली म्हणाली. "सतरा वर्षांत हे पहिल्यांदाच कामाला आले."

दिवाळीच्या आठ दिवस आधी पोस्टमन जाड पाकीट घेऊन आला. जानकू त्याच वेळी पहिली पाच पोती बैलगाडीत घालून दारात उभा होता. वृषालीनं पाकीट फोडलं. आत दाखला होता. एकोणीस वर्षं दाखले लिहिलेल्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदाच हात धुऊन, पुसून दाखला हातात घेतला. वर हिरवं पान, खाली नाव. वृषाली संपत एरंडे. श्री नाही, सौ नाही, कुटुंब नाही. एकटं नाव.

"अभिनंदन वैनी," जानकू म्हणाला आणि बैलगाडी वळवायला लागला. मग थांबून म्हणाला, "फ्लेक्स करायचा का?"

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो एकमेव करारी क्षण असेल.

दुसऱ्या दिवशी मी वृषालीला शाळेत घेऊन गेलो. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत नेट होतं, चालायचं तेव्हा चालायचं. दस्तगीरभाई गॅदरिंगचा बोर्ड द्यायला आले होते, तेही मागं उभे राहिले. मी वृषालीला खुर्चीत बसवलं आणि संस्थेची वेबसाइट उघडली. आधी हळूहळू एक फोटो वरून खाली उमटायला लागला. कपाळ आलं, कुंकू आलं, मग डोळे. वृषाली होती. सरळ समोर बघत होती.

"हा कधी काढलास?"

"फॉर्मला लागत होता. जानेवारीत. मंचरला आले होते बाजाराला, तेव्हा." ती पडद्याकडंच बघत होती. "दोन प्रती मिळाल्या. एक घरात आहे, देवाच्या फळीवर. तुम्ही विचारलं नाहीत."

मी विचारलं नव्हतं. सतरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ती प्रत आता माझ्या पाकिटात आहे, लायब्ररीच्या कार्डाच्या पुढं.

मग तिनं नकाशावर बोट ठेवलं. उपग्रहानं वरून काढलेला फोटोच होता तो. नाशिकचा रस्ता दिसला, पेठ दिसली, आतला फाटा दिसला. जवळ जाता जाता आमची चिंच, आमचं अंगण आणि अंगणावर हिरवं पान. आणि पानाच्या शेजारी, सगळ्या करड्या-हिरव्या माळावर, एक झगझगीत गुलाबी चौकोन.

दस्तगीरभाईंनी चष्मा पुसून परत लावला, वाकले आणि म्हणाले, "ह्यो माझाच गुलाबी. तुमच्या गालांत मॅजेंटा जास्ती पडला व्हता, संपतभाऊ. मी तवाच म्हणलं व्हतं मशिनला."

वृषाली हसायला लागली. मार्चपासून पहिल्यांदाच. पदर तोंडाला लावून, खुर्चीत वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. उपग्रह आमच्या वाडीवरून नेमका त्याच सहा महिन्यांत गेला होता आणि आमची सबंध पंचक्रोशी सोडून त्याच्या नजरेत भरलो होतो तो मी.

दस्तगीरभाईंनी त्याच आठवड्यात डब्यातले ब्रश बाहेर काढले. सागाच्या फळीवर, हातानं, वळणावर लावायची पाटी रंगवली. 'वृषालीताईंचं घर'. असा 'घ' मंचरात पाच वर्षांत कुणी काढला नसेल. मी भीत भीत विचारलं, खाली बारीक अक्षरांत माझं नाव बसेल का. भाईंनी मान तिरकी करून फळीकडं बघितलं. "जागा हाय," ते म्हणाले, "पन वैनींनी न्हाई म्हणून सांगितलंय."

आता खोल्या रिकाम्या नसतात. जानकूनं कांद्यासाठी वेगळी चाळ बांधली. फोन दिवसातून दोन-तीनदा वाजतो, आणि नकाशातला तो फोटो अजून बदललेला नाही. परवा मी ओसरीवर बसलो होतो. ठाण्याहून कुणी बाई बोलत होत्या, आवाज बाहेरपर्यंत येत होता. ताई, पान सापडलं, पण शेजारी ते गुलाबी काय आहे हो, तलाव आहे का पोहायचा?

"नाही हो," वृषाली शांतपणे म्हणाली. "ते प्लॅस्टिक आहे. आमच्याकडं तेवढं एकच राहिलंय. टाकून देता येत नाही म्हणून ठेवलंय. ते आमचे मिस्टर."